सोलापुरातलं घर, पुण्यातला मालक आणि मधला माणूस

एका मे महिन्यात भर दुपारी जुळे सोलापुरातल्या आमच्या शेजारच्या काकूंचा फोन आला. "अरे, तुमचा हौद भरून पाणी गल्लीत वाहायलंय की. घरात कुणी हाय का नाही?" मी पुण्यात होतो. भाडेकरू गावी गेलेला. आणि घराकडे लक्ष ठेवायचे म्हणून ज्याला दरमहा पैसे देत होतो, तो एजंट फोन उचलत नव्हता. चार-पाच दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या गावात तासभर पाणी रस्त्यावरून वाहणं म्हणजे काय, हे सोलापूरकराला सांगावं लागत नाही. शेवटी काकूंच्या मुलानं फाटकावरून आत उतरून मीटरजवळचा कॉक बंद केला. हौदातला फुग्याचा व्हॉल्व्ह खराब झाला होता. किरकोळ काम. भाडेकरूनं ते दोनदा कळवलं होतं आणि एजंटानं दोन्ही वेळा "बघतो" म्हणून सोडून दिलं होतं.

त्या दिवसापासून मी हा विषय नीट समजून घेतला. कारण ही गोष्ट माझ्या एकट्याची नाही. शिकायला म्हणून पुण्याला गेलेली आणि तिथंच राहिलेली मुलं सोलापुरात घरोघरी आहेत. आई-वडील मुलाकडे राहायला गेले किंवा राहिले नाहीत, की विजापूर रोडवरचा बंगला, होटगी रोडवरचा फ्लॅट, शेळगीतल्या दोन खोल्या मागे उरतात. विकवत नाही, बंद ठेवलं तर वाळवी लागते, म्हणून भाड्यानं देतो. मग ते सांभाळायला कुणीतरी लागतं. हे कुणीतरी कसं निवडायचं, त्याबद्दल हा लेख आहे.

आधी एक फरक स्पष्ट करू. भाडेकरू शोधून देणारा तो दलाल. तो एका महिन्याचं भाडं किंवा ठरलेली रक्कम घेतो आणि त्याचं काम तिथं संपतं. घर सांभाळणारी कंपनी किंवा माणूस, म्हणजे व्यवस्थापक, त्याचं काम तिथून सुरू होतं: करार नोंदवणं, भाडं वेळेवर येतंय का पाहणं, गळती-मोटर-वायरिंगची कामं करून घेणं, मधूनमधून घर पाहून येणं, भाडेकरू निघताना हिशेब मिटवणं. आपल्याकडे बहुतेक वेळा दलालालाच "जरा घराकडे पण बघा" असं सांगून ही दोन्ही कामं एकाच्या गळ्यात घातली जातात. त्यानं मान डोलावलेली असते, पण त्या दुसऱ्या कामाबद्दल काहीच ठरलेलं नसतं. माझं नेमकं तेच झालं होतं.

आता पैशाचं गणित, कारण बाकीचं बरंचसं त्यातून निघतं. समजा दोन बेडरूमच्या फ्लॅटचं भाडं ९,००० रुपये आहे आणि व्यवस्थापक ८ टक्के मागतो. म्हणजे महिन्याला ७२० रुपये. त्यात त्यानं फोन घ्यायचे, प्लंबर पाठवायचा, स्वतः जाऊन पाहायचं, हिशेब लिहायचा. मुंबई-पुण्यात भाडी तिप्पट-चौपट असतात, तिथं याच टक्क्यात माणूस ठेवता येतो. सोलापुरात एका घराच्या ७२० रुपयांत ते होत नाही. ज्याच्याकडे अशी तीस-चाळीस घरं आहेत आणि तीही एकाच भागात, त्यालाच हे परवडतं. म्हणून पहिला प्रश्न विचारावा तो टक्क्यांचा नाही. विचारावं, "आमच्या भागात तुमच्याकडे किती घरं आहेत?" अक्कलकोट रोडला सगळी घरं सांभाळणारा माणूस तुमच्या सैफुलच्या घराकडे नियमानं फिरकेल, ही आशा धरू नये.

याच गणितात एक खाच आहे. ११ महिन्यांचा करार धरला तर ७२० च्या हिशेबानं व्यवस्थापकाला ७,९२० रुपये मिळतात. पण भाडेकरू बदलला तर नव्या भाडेकरूच्या दलालीचे एकरकमी ९,००० मिळतात, शिवाय बऱ्याचदा भाडेकरूकडूनही वेगळे. म्हणजे चांगला भाडेकरू टिकवण्यापेक्षा तो बदलण्यात त्याचा फायदा जास्त. तुमचं मात्र उलटं आहे. घर एक महिना रिकामं राहिलं तर ९,००० गेले, वर रंगरंगोटी. ही खाच मनुष्यस्वभावाची नाही, कराराची आहे, आणि करारातच बुजवता येते. नवा भाडेकरू आणल्याची दलाली अर्ध्या महिन्याच्या भाड्याएवढीच ठेवायची, आणि तोच भाडेकरू पुढच्या ११ महिन्यांसाठी राहिला तर नूतनीकरणाचा मेहनताना वेगळा द्यायचा. मी आता नूतनीकरणाला २,००० देतो, आनंदानं देतो. घर रिकामं असताना मासिक शुल्क नाही, हेही लिहून घ्यावं. आणि सांगितलेल्या शुल्कात १८ टक्के जीएसटी धरलाय की वर लागणार, हे पहिल्या दिवशीच विचारावं.

"हे पैसे आयकरात खर्च म्हणून वजा होतील ना?" असं माझ्या मावसभावानं विचारलं होतं. नाही होत. घरभाड्याच्या उत्पन्नातून तुम्ही स्वतः भरलेली घरपट्टी वजा होते आणि उरलेल्या रकमेच्या ३० टक्के सरसकट वजावट मिळते. १,०८,००० वार्षिक भाडं आणि ६,००० घरपट्टी असेल, तर १,०२,००० च्या ३० टक्के, म्हणजे ३०,६०० रुपये. व्यवस्थापकाला तुम्ही ८,००० दिले काय किंवा काहीच नाही दिले काय, ही वजावट तेवढीच. त्यामुळे त्याचं शुल्क पूर्णपणे तुमच्या खिशातून जातं असं धरूनच निर्णय घ्या. घरपट्टी मात्र प्रत्यक्ष भरलेली असेल तरच वजा होते, म्हणून पावती मागून घ्यायची. मालक परदेशात स्थायिक असेल तर गोष्ट आणखी वेगळी होते: तेव्हा भाडेकरूला भाडं देतानाच कर कापून भरावा लागतो, भाडं कितीही कमी असो. ज्यांचं घर अमेरिकेतल्या मुलांच्या नावावर आहे त्यांनी हा एक प्रश्न कंपनीला विचारून पाहावा. उत्तर येत नसेल तर त्या कंपनीनं अशा मालकाचं घर नीट सांभाळलेलं नाही.

यापुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

घर सांभाळायला देताना आपण दोन गोष्टी दुसऱ्याच्या हातात देतो: चावी आणि पैसा. चावी द्यावीच लागते, तिच्याशिवाय काम होत नाही. पैसा द्यावा लागत नाही. भाडेकरूचं भाडं थेट तुमच्या बँक खात्यात यायला हवं आणि डिपॉझिटही थेट तुमच्याच खात्यात. मग तुम्ही व्यवस्थापकाला त्याचं शुल्क पाठवायचं. पूर्वी यूपीआय नव्हतं, तेव्हा एजंटानं रोख गोळा करून महिन्याअखेरी आणून देणं समजण्यासारखं होतं. आता त्याला काही कारण उरलेलं नाही. तरीही अनेक जण सोय म्हणून सगळा पैसा मधल्या माणसाच्या खात्यातून फिरवू देतात. डिपॉझिट त्याच्याकडे असलं आणि तो ते परत करू शकला नाही, तर भाडेकरू तुमच्या दारात येणार. कायद्यानंही तो बरोबर असतो, कारण तुमच्या एजंटानं तुमच्या वतीनं घेतलेला पैसा तुम्हीच घेतला असं धरलं जातं. माझ्या त्या एजंटानं २५,००० रुपयांचं डिपॉझिट "ऑफिसला जमा आहे" असं सांगून सहा महिने फिरवलं. शेवटी ते मी माझ्या खिशातून दिलं. घर सोडणाऱ्या त्या भाडेकरू मुलीची चूक नव्हती. अश्विनी रुग्णालयात नर्स होती ती, तिला दुसरीकडे घर घ्यायचं होतं आणि तिथंही डिपॉझिट भरायचं होतं.

इथंच "हमी भाडं" हा प्रकार समजून घेऊ. काही जण सांगतात: घर आम्हाला द्या, कुणी राहो न राहो, आम्ही तुम्हाला दरमहा ८,००० देऊ. ऐकायला निश्चिंत वाटतं. पण यात ती कंपनी तुमचा एजंट राहत नाही, तीच तुमची भाडेकरू होते आणि ती पुढे दुसऱ्याला ठेवते. घरात राहणारा माणूस तुम्हाला ओळखत नाही, त्याचा करार तुमच्याशी नाही, त्याचं डिपॉझिट कंपनीकडे. कंपनीनं एक दिवस पैसे पाठवणं थांबवलं, की तुमच्या घरात एक कुटुंब आहे आणि त्याच्याशी तुमचा कागदोपत्री काहीही संबंध नाही, अशी अवस्था होते. एखाद्या सरकारी उपक्रमानं किंवा मोठ्या कंपनीनं आपल्या अधिकाऱ्यांसाठी घर घेणं वेगळं. पण महिन्याच्या हजार रुपयांच्या निश्चिंतीसाठी मी हा प्रकार कुणालाच सुचवणार नाही.

कायद्याचा आधार आपल्याला वाटतो त्यापेक्षा बराच जास्त आहे. १८७२ च्या करार कायद्यात एजंटाच्या कर्तव्यांवर एक सबंध भाग आहे. मालक मागेल तेव्हा हिशेब द्यायला एजंट बांधील आहे, असं त्याचं कलम २१३ सांगतं. कलम २१८ सांगतं की मालकाच्या वतीनं आलेला पैसा, आपलं देणं वजा करून, त्यानं मालकाला दिला पाहिजे. आणि कलम २१६ तर फार उपयोगाचं आहे: मालकाला न सांगता एजंटानं त्याच व्यवहारात स्वतःचा धंदा केला, तर त्याला झालेला फायदा मालक मागू शकतो. म्हणजे स्वतःच्याच मेव्हण्याकडून रंगकाम करून घ्यायचं, ३०,००० चं बिल लावायचं आणि त्यातले काही आपल्याकडे ठेवायचे, ही वरकमाई तुमच्या संमतीशिवाय चालत नाही. कोर्टात जायची वेळ क्वचित येते. पण करारात "दुरुस्तीच्या बिलावर कोणतंही कमिशन घेणार नाही, घेतल्यास कळवू" एवढं वाक्य घातलं की समोरचा सावध होतो. जो हे वाक्य घालायलाच नाही म्हणतो, त्याच्याबद्दल तुम्हाला हवी ती माहिती मिळालेली असते.

केंद्रानं २०२१ मध्ये राज्यांपुढे ठेवलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात 'मालमत्ता व्यवस्थापक' या माणसाला स्वतंत्र जागा दिली आहे: त्याला कोणत्या कामांसाठी आणि किती काळासाठी अधिकार दिलेत हे भाडेकरूला कळवायचं, भाडं घेतलं तर पावती द्यायची, घराची वेळोवेळी पाहणी करायची. आपल्या राज्यात मात्र भाड्याचे व्यवहार १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानं चालतात. तरी अधिकारपत्राचा नमुना म्हणून तो मसुदा वापरायला काहीच हरकत नाही. मी एक पान लिहिलं, सही केली, भाडेकरूला आणि व्यवस्थापकाला प्रत दिली. त्यात अमुक माणूस माझ्या वतीनं घर पाहील, दुरुस्ती करून घेईल, पण पैसे स्वीकारणार नाही असं स्पष्ट लिहिलंय. भाडेकरूलाही त्यानं धीर येतो.

महारेरा म्हणजे राज्याचं गृहप्रकल्प नियामक प्राधिकरण. 'महारेरा नोंदणीकृत' अशी पाटी पाहून हुरळून जाऊ नका. रेरातल्या एजंटाची नोंदणी ही प्रकल्पांतल्या घरांच्या खरेदी-विक्रीसाठी असते. भाड्याचं घर कसं सांभाळलं, हिशेब दिला की नाही, याचा त्या नोंदणीशी संबंध नाही.

करारनाम्याकडे येऊ. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार भाड्याचा करार, मग तो लिव्ह अँड लायसन्स (ठरावीक मुदतीपुरती राहण्याची परवानगी) का असेना, लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. न केल्यास ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून मोठा धोका असा, की नोंदणी नसेल आणि वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. "शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी करून देतो, स्वस्तात होतं" असं सांगणारी कंपनी तुमचे दोन पैसे वाचवून तुमची बाजू लंगडी करते. आणि वाचतं तरी किती? मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं वार्षिक १० टक्क्यांनी धरलेलं व्याज यांच्या बेरजेच्या पाव टक्का असतं. ९,००० भाडं, ३०,००० डिपॉझिट, ११ महिने: ९९,००० अधिक २,७५० म्हणजे १,०१,७५०, त्याचा पाव टक्का अडीचशेच्या घरात. महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क १,००० रुपये. बाकी जे मागतात ते त्यांच्या धावपळीचे पैसे.

ही नोंदणी आता आधार आणि अंगठ्याच्या ठशावर ऑनलाइन होते. मालक पुण्यात आणि भाडेकरू सोलापुरात असला तरी दोघांना एका टेबलापुढे बसावं लागत नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण "तुम्हाला यायला नको, आमच्या नावानं कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अटर्नी) करून द्या" अशी मागणी अजूनही होते. साधारणतः त्याची गरज नसते. खरोखरच लागलं, उदाहरणार्थ मालक परदेशात असेल, तर तेवढ्या एका घराच्या भाडेकराराचं काम लिहिलेलं, मुदत घातलेलं विशेष कुलमुखत्यारपत्र द्या. विकणे, गहाण ठेवणे, बक्षीस देणे हे शब्द कुठंही आलेले नाहीत ना, हे वकिलाकडून तपासून घ्या. सर्वसाधारण कुलमुखत्यारपत्र घर सांभाळणाऱ्याला कधीही देऊ नका. इथं मी कुठलाही अपवाद मानत नाही.

भाडेकरू मुदत संपल्यावर निघत नसेल तर काय करणार, हा प्रश्न प्रत्येक कंपनीला विचारा आणि उत्तर नीट ऐका. "पाणी तोडू, लाइट तोडू, दोन पोरं पाठवू" असं ऐकलंत तर तिथून उठा. अत्यावश्यक सेवा तोडायला भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ नं मनाई आहे आणि घर तुमचं असल्यानं त्याचा ताप तुम्हालाच होणार. योग्य उत्तर असं: त्याच कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू, मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट दरानं भरपाई मागू, आणि त्यासाठी लेखी नोंदणीकृत करार जपून ठेवलाय. भाडेकरूची माहिती पोलिसांना देण्याचंही असंच आहे. ते काम ऑनलाइन होतं, पोच मिळते, ती पोच तुमच्या मेलवर आली पाहिजे.

आता माणूस पारखण्याबद्दल. ऑफिसची सजावट, कार्ड, वेबसाइट यांतून फारसं काही कळत नाही. मी एक प्रश्न विचारतो: "आमच्या भागात पाणी कधी येतं?" ज्याच्याकडे तिथली घरं आहेत तो लगेच सांगतो, किती दिवसांआड, पहाटे की रात्री, दाब किती, मोटर लावावी लागते का, टँकर कुणाचा मागवतात. सोलापुरात घर सांभाळणं म्हणजे निम्मं पाणी सांभाळणं आहे. उजनीहून येणाऱ्या पाण्याचं वेळापत्रक एखाद्या दुरुस्तीमुळं एक दिवस पुढं गेलं, तरी भाडेकरूचा फोन येतो, आणि तेव्हा कळतं हौद शेवटचा कधी धुतला होता.

मग तीन मालकांचे फोन नंबर मागतो. त्यात एक असा हवा, की ज्याचा भाडेकरू अलीकडेच घर सोडून गेला. भाडेकरू राहत असतो तेव्हा सगळं सुरळीत दिसतं. खरी परीक्षा निघताना होते. डिपॉझिटमधून काय कापलं, कशाच्या आधारे कापलं, किती दिवसांत परत गेलं? जमलं तर त्या गेलेल्या भाडेकरूशीही बोलावं. मालकाला खूश ठेवणारे पुष्कळ भेटतात, भाडेकरूलाही माणसासारखं वागवणारे कमी. आणि घर टिकतं ते समाधानी भाडेकरूमुळंच. कंपनी भाडेकरू निवडताना जात, धर्म, एकटी बाई आहे का, असल्या चाळण्या लावत असेल तर तेही बघा. पूर्व भागातलं विणकर कुटुंब, केगावला विद्यापीठात शिकणारी मुलं, कलबुर्गीहून नोकरीला आलेला तरुण, कुणाचंही भाडं वेळेवर येऊ शकतं. पगाराचा पुरावा आणि आधीच्या घरमालकाचा फोन, एवढं बघणं पुरे.

घर ताब्यात देताना खोलीवार फोटो, पंखे-गिझर-नळांची यादी, वीज मीटरचं रीडिंग, दोघांच्या सह्या. महावितरणचा ग्राहक क्रमांक आपल्या फोनमध्ये ठेवा. मीटर तुमच्या नावावर आहे, बिल थकलं तर थकबाकी तुमच्या दारात येते, आणि ती तपासायला व्यवस्थापकाला विचारायची गरज नाही. फ्लॅट सोसायटीत असेल आणि भाडेकरू ठेवला म्हणून जादा रक्कम मागितली, तर लक्षात ठेवा: बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. व्यवस्थापकाला हे माहीत असेल तर सोसायटीशी तोच बोलेल.

दुरुस्तीसाठी एक मर्यादा ठरवा. आमच्याकडे १,००० रुपयांपर्यंतचं काम तो न विचारता करतो आणि बिलाचा फोटो पाठवतो, त्यावर गेलं तर आधी फोन. ही मर्यादा फार कमी ठेवली तर तो प्रत्येक वायसरसाठी तुमची वाट पाहतो आणि हौद वाहत राहतो. तीन महिन्यांतून एकदा घर पाहून दहा फोटो पाठवायचे, तेही भाडेकरूला आधी सांगून, त्याच्या सोयीच्या वेळी.

पहिल्यांदा ११ महिन्यांचाच करार करा, दोन घरं असतील तरी एकच द्या. आणि करार मोडायचा कसा हे सुरुवातीलाच लिहा: ३० दिवसांची सूचना, सगळ्या चाव्या परत, मूळ करारनामा आणि पोलिसांकडची पोच परत, भाडेकरूचा करार तसाच चालू. "आम्ही आणलेला भाडेकरू आहे तोवर शुल्क द्यावं लागेल" असं कलम असेल तर ते खोडून घ्या. माझ्या जुन्या करारात ते होतं. मी वाचलं नव्हतं, आणि चार महिने मी काहीच काम न करणाऱ्या माणसाला पैसे दिले.

आता आमचं घर सांभाळतो तो कंपनी वगैरे काही नाही. आसरा चौकाजवळ राहणारा एक इलेक्ट्रिशियन आहे, त्याची बायको हिशेब ठेवते, दोघं मिळून आमच्याच भागातली पस्तीसेक घरं बघतात. महिन्याला ठरावीक ८०० रुपये, टक्के नाहीत. भाडं ५ तारखेला माझ्या खात्यात येतं, ८ तारखेला मी त्यांचे पाठवतो. चावीची एक प्रत त्यांच्याकडे आहे, एक काकूंकडे. हौदाचा व्हॉल्व्ह दर उन्हाळ्याआधी बदलायचा, हे करारात चौथ्या कलमात लिहिलंय.